धूर दिसायला हवा, नीलू

नीलू,

शुक्रवारी अबू खालिद आपला बंब न्यायला आले होते. मीच बोलावलं होतं. आपल्या लेकीशी, ऋचाशी, फोनवर बोलून ठरवलं होतं की तो आता घरात ठेवायचा नाही. एरवी घरातली साधी खुर्ची तुला न विचारता हलवायची माझी छाती नव्हती, त्यामुळे हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. म्हणून बसलोय लिहायला.

बंब म्हणतोय ते तुझ्यामुळे. बाकीच्या जगासाठी तो पेलेट स्टोव्ह आहे. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्यांवर चालणारी उभी लोखंडी शेगडी. मागच्या टाकीत कांड्या ओतायच्या आणि बटण दाबायचं. मग आतला मळसूत्री दांडा त्या थोड्या थोड्या पुढे सरकवतो, पंखा हवा देतो, काचेच्या दारामागे जाळ दिसतो आणि धूर मागच्या पाइपातून घराबाहेर जातो. थंड देशांत घरोघरी असते म्हणे. दोह्यात मी ती फक्त आपल्याच घरात पाहिली.

आपल्या गल्लीतलं ते युरोपियन कुटुंब देश सोडून चाललं होतं आणि त्यांनी घरातलं सगळं सामान विकायला काढलं होतं. तू सोफा बघायला गेलीस. तासाभराने आलीस ती गालातल्या गालात हसत.

"अहो, सोफा नाही घेतला."

"मग?"

"बंब घेतला. पाण्याशिवायचा."

मला वाटलं थट्टा करते आहेस. संध्याकाळी चार माणसांनी धापा टाकत ते धूड आणून हॉलमध्ये ठेवलं, तेव्हा कळलं थट्टा नव्हती. मग मी हुज्जत घातली, आणि तुझ्याशी वादात मी नेहमी जसा हरतो तसाच हरलो. माझा धंदाच गारव्याचा. मुशैरिबमधल्या ऑफिसांच्या इमारती गार ठेवायच्या यावर आपलं घर चाललं. तू सगळ्या पार्ट्यांमध्ये सांगायचीस, "हे अख्ख्या गावाला गार करतात आणि घरात बायको कुडकुडते." ते खोटंही नव्हतं. मॉलमध्ये जाताना तुझ्या पर्समध्ये शाल असायची, सिनेमाला जाताना दोन. बाहेर भाजायचं आणि आत गोठायचं, हा कसला देश, म्हणायचीस. जानेवारीत तर आपल्या त्या फरशीवर तू मोजे घालून, टाचा उचलत चालायचीस.

पण तुला नुसती ऊब नको होती. ऊब हवी तर हीटर होता. तुला जाळ हवा होता. "हीटरसमोर बसून कुणी गप्पा मारतं का?" हे तुझं म्हणणं. 

अबू खालिद आपले घरमालक, शेजारच्याच भागात राहणारे. भिंतीला भोक पाडायचं म्हणजे त्यांची परवानगी हवी. मी ऑफिसला जातो तशी फाइल घेऊन, पाइपाचं चित्र काढून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चित्र बघितलंच नाही. "फायर? इन हाऊस?" त्यांनी विचारलं, मग इतके हसले की हातातला गहव्याचा, अरबी कॉफीचा, कप खाली ठेवावा लागला. "माय ग्रँडफादर हाऊस, एव्हरी विंटर फायर. यल्ला, मेक होल!" आणि मी उठेपर्यंत त्यांनी विचारूनही घेतलं की कधी आम्ही गेलोच देश सोडून, तर ही शेगडी त्यांच्या वाळवंटातल्या थंडीच्या तंबूसाठी देणार का. घरी येऊन तुला सांगितलं, तर तू हो म्हणून टाकलंस. तुझा तेवढा शब्द होता, म्हणून तर मी त्यांना बोलावलं.

पाइप बसवायला इस्माईलभाई आले. रत्नागिरीचे. हॉटेलांच्या किचनमधले धूर ओढणारे हूड बसवण्यात त्यांची वर्षं गेलेली. पण शेगडी त्यांनीही कधी बसवली नव्हती, आणि ते त्यांनी पहिला अर्धा दिवस कबूल केलं नाही. खांद्यावर वाकडातिकडा वळणारा ॲल्युमिनियमचा पाइप घेऊन आले.

"साहेब, हाच पाइप मी सगल्या हूडला लावतंय. काय व्हायचं नाय."

मी म्हटलं, इस्माईलभाई, हा वळ्यावळ्यांचा पाइप इथे चालणार नाही. वळ्यांत राख धरते आणि आगीचा धूर आहे, तळणाची वाफ नाही. स्टीलचाच, आतून गुळगुळीत हवा. भिंतीतून जातो तिथे त्याच्याभोवती कॉलर हवी, म्हणजे तापलेला पाइप भिंतीला टेकत नाही. प्रत्येक सांध्याला उष्णता सोसणारं सीलंट हवं. त्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस, "ऐका हो, या बाबतीत तरी ऐका त्यांचं. बाकी कशात मी ऐकत नाही." ते हसले आणि त्या दिवसापासून तू त्यांची भाभी झालीस.

आणि मग आपला तो वाद. तो कुठे संपला नीलू? मला तर तो अजून चालूच आहे असं वाटतं.

मला पाइप भिंतीतून आडवा बाहेर काढायचा होता, बाहेर टी अक्षरासारखा एक जोड, त्याच्या खाली राख काढायचं झाकण, आणि तिथून माणसाच्या उंचीएवढा उभा. वीज गेली आणि पंखा बंद पडला तरी उरलेला धूर आपला आपण वर निघून जावा म्हणून तेवढी उंची. झालं. काम सुटसुटीत, साफ करायला सोपं. तू कमरेवर हात ठेवून बघत होतीस.

"एवढाच?"

"पुरतो."

"गच्चीच्या वर न्या."

"कशाला? गरज नाही."

"आमच्या बंबाचा पाइप न्हाणीच्या छपरावर जायचा. लांबून दिसायचा धूर."

मग मी तुला समजावलं, आणि जरा जास्तच तोऱ्यात, की या शेगडीत जळण नीट झालं तर धूर दिसतच नाही. धूर दिसला म्हणजे कुठेतरी चुकतंय. हवा कमी पडते आहे, कांडी अर्धवट जळते आहे. माझ्या हातची शेगडी धूर दाखवणार नाही.

तू क्षणभर विचार केलास. मग म्हणालीस, "मग थोडं वाईट जाळा ना."

इस्माईलभाई शिडीवर होते, त्यांना हसू आवरेना. मी चिडलो. त्या दिवशी तू मला पुढचं सांगितलं नाहीस. ते सांगितलंस फेब्रुवारीत, काचेसमोर पाय पसरून शेंगा खात बसलो होतो तेव्हा. देवळालीला तुम्ही भावंडं शाळेतून परत यायचात ती लष्कराच्या मैदानावरून. आई शिवणकामाला बाहेर जायची, कधी घरी असायची, कधी नसायची. मैदानाच्या कडेला आलं की तुम्ही आधी न्हाणीच्या छपराकडे बघायचात. धूर असला की बंब पेटलाय, म्हणजे आई घरी आहे. मग शर्यत लागायची. धूर नसला की दप्तरं ओढत सावकाश. एवढंच सांगून तू टरफलं गोळा करायला लागलीस. मी म्हटलं, पुढच्या थंडीत नेऊ पाइप वर. तू म्हणालीस, आता काय, थंडी संपत आली, पुढच्या वर्षीच बघा. मी दुसऱ्याच दिवशी इस्माईलभाईंकडून पाइपाचे जादा तुकडे आणवून जिन्याखाली ठेवले. तू त्यावर जुनी चादर टाकलीस.

दुधाचं लिहायचं राहिलं. तेच तर लिहायचंय.

शेगडी पहिल्यांदा पेटवायच्या दिवशी तू तिला हळदकुंकू लावलंस. इथवर ठीक. मग पातेल्यात दूध घेऊन आलीस. नव्या घरात, नव्या चुलीवर दूध उतू जाऊ द्यायचं, ते तुझ्या सासूबाईंनीही केलं होतं, म्हणजे माझ्याच आईने, त्यामुळे मला तोंड नव्हतं. तरी मी म्हटलं की या शेगडीचा माथा स्वयंपाकाला नाही, ऊब देण्यापुरताच तापतो. तू पातेलं ठेवलंस. दूध तापेना. ऋचा व्हिडिओ कॉलवर होती, "आई, is it done?" असं दर थोड्या वेळाने विचारत होती. अर्धी दुपार गेली. शेवटी माझं लक्ष नाही बघून तू शेगडी सगळ्यात वरच्या आकड्यावर नेलीस, आणि मग दूध आलं ते असं आलं, की पातेल्यातून उसळून माथ्यावर पसरलं, पुढच्या जाळीतून आत ओघळलं आणि मागे टाकीच्या झाकणाच्या फटीतून कांड्यांवर गेलं.

"गेलं उतू!" तू टाळी वाजवलीस. तिकडे ऋचाने पण वाजवली.

कांड्या म्हणजे शेवटी भुसा. ओल लागली की फुगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मळसूत्र जाम. पडद्यावर लाल अक्षरं, आतून कटकट आवाज. अख्खी शनिवारची दुपार मी आणि इस्माईलभाई जमिनीवर उताणे पडून दुधात भिजलेला भुशाचा गोळा चमच्याने उकरून काढत होतो. तू बॅटरी धरून उभी होतीस आणि बॅटरी हलत होती, कारण तू हसत होतीस. मी म्हटलं, पेलेट स्टोव्हमध्ये दूध ओतणारी जगात तू एकटीच असशील. तू म्हणालीस, "नैवेद्य पोचला म्हणायचा."

टाकी साफ झाली. पण जाळीतून आत गेलेलं दूध उष्णतेच्या नळ्यांवर जाऊन करपलं आणि तिथे हात पोचत नव्हता. तेव्हापासून शेगडी पेटवली की सुरुवातीला खरवस करपल्यासारखा वास यायचा, मग जायचा. मी पुढची सगळी बाजू खोलून ते खरवडायला निघालो तर तू स्क्रू ड्रायव्हर काढून घेतलास. "राहू दे. घराला वास हवा." तो वादही तसाच राहिला.

तू कशी गेलीस ते इथे लिहीत नाही. ते सगळ्यांना माहीत आहे. तुला नाशिकला घेऊन गेलो. थंडी पडायला लागली होती, तुला आवडते तशी. अग्नी मी दिला. आणि नीलू, तिथे धूर सरळ वर गेला. भरपूर दिसला. मला वाटलं, आता ही म्हणणार, बघा. सगळे रडत होते आणि मी वर बघत होतो. तुझ्या भावाने मला हाताला धरून बाजूला नेलं. नंतर घरी सगळ्यांच्या चहापाण्याचं मीच बघितलं, कोण कुठल्या गाडीने जाणार तेही. कोणी म्हणालं, किती धीराचा माणूस. मला धीर नव्हता. मला काही कळतच नव्हतं.

दोह्याला परत आलो तर इथेही हवा बदललेली. गल्लीतली माणसं जाकिटं घालून फिरत होती. मी हॉलमध्ये शेगडीकडे पाठ करून जेवायचो. काचेमागे काही नव्हतं, काळं होतं, तरी बघवत नव्हतं. ज्या हाताने तिकडे अग्नी दिला त्या हाताने इकडे बटण दाबायचं, हे मला जमणारं नव्हतं. एकदा ऋचाला चुकून बोलून गेलो. ती म्हणाली, "बाबा, you can't even look at it. Give it to Abu Khalid, please. आईने promise केलं होतं ना त्यांना?" मला पटलं. सुटल्यासारखंही वाटलं.

तर शुक्रवारी. जुम्म्याच्या नमाजनंतर आधी इस्माईलभाई आले, शिडी घेऊन, पाइप उतरवायला. मला बघून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग अबू खालिद आले, स्वतः गहव्याचा थर्मास घेऊन. बसले. शेगडीच्या लोखंडावर हात फिरवला. मग उठता उठता, या देशात जुनी वस्तू घेताना प्रत्येक माणूस विचारतो तसं त्यांनी विचारलं.

"रनिंग कंडिशन? वन टाइम चालू करके दिखाओ."

यात त्यांचं काय चुकलं? मीही हेच विचारलं असतं. माझं बोट बटणावर गेलं ते सवयीने. टाकीत मागच्या वर्षीच्या कांड्या होत्याच. मळसूत्र फिरलं, कांड्या टप टप पडल्या, पंखा घुमायला लागला. आधी थोडा धूर काचेवर आला, मग जाळ धरला. मी फरशीकडे बघत उभा होतो.

आणि वास आला.

इस्माईलभाई भिंतीपाशी पाइपाचा क्लँप सोडवत होते. त्यांचा हात थांबला. "भाभींचं दूध," ते हळूच म्हणाले.

अबू खालिद यांनी नाक वर केलं. "हलीब?" दूध? त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी त्यांना सांगायला लागलो. हिंदी, इंग्लिश, हातवारे. की आमच्यात नव्या चुलीवर दूध उतू जाऊ देतात, घर भरलेलं राहावं म्हणून. की हिने ते या मशीनवर केलं. की मशीन बिघडलं. की ती हसत होती. "भरलेलं" हा शब्द इंग्लिशमध्ये काही केल्या सापडेना, आणि तो शोधता शोधता मी रडायला लागलो. नाशिकला नाही, विमानात नाही, इथे. दोन बाप्यांसमोर, लहान पोरासारखा. थांबवताच येईना. वास येत राहिला आणि मी रडत राहिलो, कारण नीलू, तो वास स्मशानातला नव्हता. तुझा होता. हा जाळ वेगळा, तो वेगळा, एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगून कळत नव्हती.

"अल्ला यरहमहा," अबू खालिद म्हणाले, देव तिच्यावर दया करो. त्यांनी थर्मासमधून कप भरला आणि माझ्या हातात दिला.

"सॉरी, अबू खालिद," मी म्हटलं. "नहीं दे सकता."

"खलास," ते म्हणाले, जणू काही ठरलंच नव्हतं. मग परत बसले आणि काचेसमोर हात धरून शेकत राहिले. आपण बसायचो तसेच.

इस्माईलभाईंनी सोडवलेला क्लँप परत आवळला. खाली न बघता मला म्हणाले, "शिडी आनलीच हाय, साहेब. भाभींचं ते वरचं काम करून टाकू?" त्यांना आठवत होतं. जिन्याखालची तुझी चादर बाजूला केली, तुकडे काढले. शेगडी बंद केली, पाइप गार होऊ दिला. मी खालून तुकडे देत होतो, ते वर चढवत होते, दर सांध्याला सीलंट, भिंतीला पट्ट्या. एका ठिकाणी पट्टी तिरकी बसली तर मी ओरडलो, आणि ओरडताना मला बरं वाटलं. ऊन कलेपर्यंत पाइप गच्चीच्या कठड्याच्या वर गेला, डोक्यावर टोपी घालून.

तेवढ्यात ऋचाचा फोन. "दिला का, बाबा?"

"नाही."

"का? What happened?"

"चालू करून दाखवायला पेटवला."

तिकडे तिने नाक ओढलं. मग, "अजून येतो तो smell?"

"येतो."

ती रडत होती हे मला कळलं. मग ती मराठीत बोलली, आपल्याशी कधी सलग बोलत नाही तशी. "बेडरूमचं दार उघडं ठेवा, बाबा. सगळ्या घरात येऊ दे."

मी दार उघडं ठेवलं. शेगडी परत पेटवली. आणि मग, नीलू, आयुष्यभर नीट जळण शिकवलेल्या माणसाने हवेचा आकडा खाली आणला. कांडी अर्धवट जळेल, काच काळी पडेल, पाइपात काजळी धरेल. धरू दे. दर शुक्रवारी झाकण उघडून साफ करत जाईन, मला दुसरं काय काम आहे. रोज नाही जाळणार असं, कधीमधी.

इस्माईलभाईंना चहा द्यायचा होता आणि घरात दूध नव्हतं. अबू खालिदही थांबले होते. त्या दोघांना शेगडीपाशी बसवून मी कोपऱ्यावरच्या बकाल्यात गेलो, तुझं ते छोटं वाण्याचं दुकान, जिथे तू मलबारी पोराशी हिंदीत भांडायचीस. दुधाची बाटली घेतली. वारं गार होतं. मी जॅकेट न घालताच बाहेर पडलो होतो, तू असतीस तर ओरडली असतीस.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी वळलो आणि सवय नसताना वर बघितलं. सगळ्या गच्च्या रिकाम्या, पाण्याच्या टाक्या आणि एसीचे डबे. फक्त आपल्या घरावर धूर होता. बारीक, राखाडी, जरासा एका बाजूला झुकलेला.

माझा वेग वाढला. मी जवळजवळ धावतच घरी आलो.